पहिली फुटबॉल मॅच बघायची तर अंधेरीत: मराठवाड्यातून जाणाऱ्यांसाठी मुंबई फुटबॉल अरेनाचा रिव्ह्यू

मराठवाड्यात फुटबॉल खेळणारी पोरं कमी नाहीत. सुब्रोतो कप या शालेय स्पर्धेच्या जिल्हा आणि विभागीय फेऱ्यांना शाळांचे संघ उतरतात, युरोपातल्या मॅच अर्ध्या रात्रीपर्यंत मोबाईलवर बघितल्या जातात. पण व्यावसायिक मॅच स्टेडियममध्ये बसून पाहिलेला माणूस शोधावा लागतो, कारण त्यासाठी मुंबई गाठावी लागते. पहिल्या मॅचसाठी कुठलं मैदान निवडावं, याचं आमचं उत्तर ठरलेलं आहे: अंधेरी पश्चिमेचं मुंबई फुटबॉल अरेना. महापालिकेच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलातलं हे मैदान २०१६ पासून मुंबई सिटी एफसी या व्यावसायिक क्लबचं होम ग्राउंड आहे.

या मैदानाची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे ते लहान आहे. सात हजारांच्या आसपास प्रेक्षक मावतात आणि स्टँड मैदानाला अगदी लागून आहेत. पुण्यात बालेवाडीला, जिथे एफसी पुणे सिटी खेळायची, प्रेक्षक आणि मैदान यांच्यामध्ये धावण्याचा ट्रॅक येतो. नेरुळचं डी. वाय. पाटील मुळात क्रिकेटचं स्टेडियम आहे, त्यामुळे तिथे फुटबॉलची टचलाइन, म्हणजे मैदानाच्या कडेची रेघ, आणि पहिली रांग यांच्यात बाऊंड्रीची सगळी मोकळी जागा पडते. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकाच्या काही मॅच आणि २०२२ च्या याच वयोगटातल्या मुलींच्या विश्वचषकाची फायनल तिथे झाली, अनेकांनी पहिली मॅच तिथेच पाहिली. गर्दीचा थाट तिथे वेगळाच असतो, हे मान्य. पण खेळ बघायचा असेल तर अंधेरीला तोड नाही.

जवळून बघितल्यावर नेमका काय फरक पडतो? टीव्हीचा कॅमेरा उंचावर असतो आणि चेंडूच्या मागे फिरतो, त्यामुळे पास सोपा आणि खेळाडू संथ वाटतो. इथे टचलाइनजवळ विंगर (कडेने खेळणारा खेळाडू) वळतो तेव्हा त्याच्या बुटाखालची माती उडालेली दिसते. फ्री किक मिळाली की गोलकीपर खांबाला धरून उभा राहतो आणि चेंडूसमोर भिंत करून उभ्या असलेल्या आपल्या खेळाडूंना ओरडून एक पाऊल डावीकडे, अर्धं पाऊल उजवीकडे करत राहतो. रेफ्री ९.१५ मीटर मोजून पांढऱ्या फवाऱ्याने रेघ ओढतो, भिंत हळूच पुढे सरकते, तो परत मागे ढकलतो. टीव्हीवर या वेळात रिप्ले चालू असतो, म्हणून हे कधी दिसतच नाही. आणि आवाज! दोन डोकी एका चेंडूसाठी उडतात तेव्हा होणारा ठक्क आवाज, जोरात मारलेल्या चेंडूचा धप्पकन आवाज. जुन्या चाहत्यांना पहिल्या मॅचबद्दल विचारा, गोल कुणी मारला हे विसरलेलं असतं, पण हे आवाज ते हमखास सांगतात.

याच मैदानावरची एक मॅच पुष्कळांची पहिली ठरली. १ जून २०१८ ला इंटरकॉन्टिनेंटल कपमध्ये भारताने चायनीज तैपेईला ५-० ने हरवलं, कर्णधार सुनील छेत्रीने हॅटट्रिक केली आणि स्टेडियममध्ये माणसं होती २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने व्हिडिओ टाकून लोकांना हात जोडले: टीका करा, शिव्या द्या, पण मैदानात येऊन बघा. ४ जूनला केनियाविरुद्ध त्याची शंभरावी आंतरराष्ट्रीय मॅच होती. धो धो पाऊस पडत होता आणि स्टेडियम खच्चून भरलेलं होतं. भारत ३-० ने जिंकला, त्यातले दोन गोल छेत्रीचे. पुढे १० जूनला केनियालाच २-० ने हरवून भारताने कप उचलला. तेव्हापासून फुटबॉल मैदानात जाऊन बघायचा हे ज्यांच्या अंगवळणी पडलं, असे चाहते आजही भेटतात.

तिकीट काढताना लोक हमखास एक चूक करतात: सगळ्यात खालची रांग घेतात. खेळाडू जवळून दिसतील हा हिशोब बरोबर आहे, पण डोळे मैदानाच्या पातळीला आले की खोली कळत नाही. पलीकडच्या बाजूचे खेळाडू एकमेकांवर चढल्यासारखे दिसतात, डिफेंडरांची रेघ कुठे आहे ते समजत नाही, आणि ऑफसाइडचा झेंडा वर गेला की का गेला हे शेजाऱ्याला विचारावं लागतं. त्यात कडेचे जाहिरातीचे बोर्ड आणि राखीव खेळाडूंचा वॉर्म-अप आडवा येतो. दहा-बारा रांगा वर बसा. तिथून दोन्ही संघांची मांडणी उघडी पडते आणि खेळाडूचा चेहराही ओळखू येतो. मध्यरेषेसमोरची जागा महाग असते, पहिल्या मॅचला तिची गरज नाही. लांबीच्या बाजूला पेनल्टी बॉक्सच्या रेघेसमोरची जागा मिळाली तर एक हाफ तुमच्या संघाचा हल्ला आणि दुसरा हाफ त्याचा बचाव, दोन्ही समोर घडतात. गोलामागचा स्टँड ढोल आणि घोषणांसाठी. तिथे ९० मिनिटं उभं राहायची तयारी ठेवा आणि लहान लेकरांना नेऊ नका, कारण पुढचा माणूस बसतच नाही.

मॅच संध्याकाळी पाचची असेल तर आणखी एक गोष्ट बघा. पूर्वेच्या स्टँडमध्ये बसलेल्यांच्या तोंडावर मावळतीचं ऊन येतं आणि पहिला हाफ कपाळावर हात धरून काढावा लागतो. पश्चिमेचं तिकीट थोडं महाग पडलं तरी घ्या. साडेसातच्या मॅचला हा प्रश्न नाही.

आत काय नेता येतं याची यादी तिकिटावर असते आणि ती खरोखर पाळली जाते. पाण्याची बाटली, डबा, पॉवर बँक, लायटर, हेल्मेट, मोठी बॅग, काही वेळा नाणीसुद्धा गेटवर काढून घेतात. ठेवायला जागा मिळेलच असं धरून चालू नका. म्हणून घरून बांधून आणलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी रेल्वेतच संपवावी आणि सामान लॉजवर टाकून रिकाम्या हाताने यावं. क्यूआर कोडचं तिकीट असेल तर स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा, हजारो मोबाईल एका जागी आले की नेट रांगेतच मान टाकतं. गेट क्रमांक तिकिटावर वाचून त्याच रस्त्याने जा. संकुलाला वळसा घालून दुसऱ्या गेटवर जायचं म्हणजे किक-ऑफ हुकलाच. पाहुण्या संघाची जर्सी घालून यजमानांच्या स्टँडमध्ये बसू नका. मुंबईचा रंग आकाशी निळा, तो नसेल तर साधा पांढरा शर्ट बरा.

गेट उघडल्यावर लवकर आत जाण्यात खरा फायदा आहे. किक-ऑफच्या पाऊण तास आधी दोन्ही संघ वॉर्म-अपला उतरतात आणि शाळेत फुटबॉल खेळणाऱ्या पोरांनी तो भाग मॅचइतकाच मन लावून बघावा. गोलकीपरचा सराव वेगळा चालतो: जवळून मारलेले खालचे चेंडू, मग क्रॉस, मग लांबून शॉट. उरलेले खेळाडू छोट्या चौकोनात एका स्पर्शात पास फिरवतात. चेंडू येण्याआधी प्रत्येक जण खांद्यावरून मागे बघून घेतो. ही एक सवय पोरांनी उचलली तरी फेरी वसूल.

मॅच चालू झाल्यावर रिप्लेची वाट बघू नका. गोलनंतर मान आपोआप स्क्रीनकडे वळते आणि तेवढ्यात पुढची चाल निसटते. आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग, मुंबई सिटी खेळते ती स्पर्धा) व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय नाही, त्यामुळे रेफ्रीने दिलं ते दिलं. चेंडू सोडून एकाच खेळाडूवर पाच मिनिटं नजर ठेवून बघा. डिफेन्सिव्ह मिडफिल्डर, म्हणजे डिफेंडरांच्या पुढ्यात खेळणारा, निवडा. टीव्ही त्याला सगळ्यात कमी दाखवतो आणि मैदानावर सगळ्यात जास्त काम तोच करत असतो. मध्यंतर १५ मिनिटांचं असतं. शिट्टी वाजताच सगळे उठतात, म्हणून स्वच्छतागृहाची रांग पहिली दहा मिनिटं हलत नाही, शेवटच्या चार-पाच मिनिटांत ओसरते.

आता प्रवास, कारण मराठवाड्याच्या माणसाची मॅच इथेच फिसकटते. संकुलाला सगळ्यात जवळचं स्टेशन मेट्रो १ वरचं आझाद नगर. सीएसएमटीपर्यंत जाऊच नका. ठाण्याला उतरा, फास्ट लोकलने घाटकोपर, तिथून वर्सोव्याकडे जाणारी मेट्रो आणि आझाद नगरला उतरून चालत मैदान. दादरला उतरून अंधेरी लोकल धरणारे संध्याकाळच्या गर्दीत चेपून निघतात. जाण्यासाठी देवगिरी एक्स्प्रेस उत्तम, सकाळी पोहोचते. वंदे भारत आता नांदेडहून सुटते, पहाटे निघून दुपारी मुंबईत. साडेसातच्या मॅचला तीही चालते. तपोवन एक्स्प्रेसने जाऊ नका, ती मुंबईत पोहोचेपर्यंत मॅच संपलेली असते.

परतीचं गणित वेगळं आहे. ४५ अधिक ४५, मध्यंतर आणि जादा वेळ धरून मॅच जवळपास दोन तास चालते. साडेसातची मॅच साडेनऊला संपते, आणि देवगिरी काय, लातूर एक्स्प्रेस काय, तोवर सीएसएमटीहून सुटलेल्या असतात किंवा सुटत असतात. धावत ठाण्यात गाठू म्हणणाऱ्यांची गाडी बहुधा जाते, कारण गेटमधून बाहेर पडून मेट्रोच्या तपासणीपर्यंतच बराच वेळ मोडतो. म्हणून आमचा आग्रह आहे की वेळापत्रकात पाचची मॅच असेल तर तीच निवडा. सातला बाहेर, साडेआठपर्यंत ठाणे आणि रात्रीच्या गाडीने सकाळी घरी. साडेसातचीच असेल तर मुक्काम धरून चला आणि सकाळी सव्वासहाच्या तपोवनचं किंवा दुपारच्या जनशताब्दीचं रिझर्व्हेशन आधीच करून ठेवा. मॅचच्या तारखा आणि वेळा ऐनवेळी बदलतात, तेव्हा रेल्वेचं तिकीट काढण्याआधी क्लबच्या पानावर वेळ पुन्हा एकदा तपासा.

शाळेचा संघ न्यायचा तर एसटीची बस प्रासंगिक करारावर घेणं सगळ्यात सोयीचं. जून २०२५ मध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून संभाजीनगर किंवा जालन्याहून आमण्यापर्यंत विनासायास येता येतं. वेळ जातो तो त्यापुढे, भिवंडी आणि ठाण्याच्या कोंडीत. शनिवारी संध्याकाळी हे अंतर रडवतं, म्हणून तीनच्या आत अंधेरी गाठण्याचा हिशोब करून निघा. समृद्धीवर थांबायच्या जागा लांब लांब आहेत, त्यामुळे पोरांचं जेवण-पाणी बसमध्येच ठेवा. संकुलाजवळ बस उभी करायला जागा मिळत नाही. ड्रायव्हरला उतरवण्याची आणि परत घेण्याची एकच जागा ठरवून द्या, आणि प्रत्येक पोराच्या मनगटावर सरांचा नंबर पेनाने लिहा. दहा पोरांमागे एक मोठा माणूस असावा, गेटवर तो सगळ्यात शेवटी आत यावा.

लातूर-धाराशिवकडच्यांनी कोल्हापूरचाही विचार करावा. कुर्डुवाडी-पंढरपूर-मिरज मार्गे रेल्वे आहे, रोजची नाही. राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार किंवा शिवाजी तरुण मंडळ विरुद्ध खंडोबा अशी स्थानिक संघांची मॅच लागली की पेठाच्या पेठा लोटतात. खेळाचा दर्जा आयएसएलइतका नाही, ईर्ष्या मात्र कितीतरी जास्त. चुरशीच्या मॅचला हुल्लडबाजी होते, मॅच थांबतातही. म्हणून लेकरांना घेऊन जायचं तर आधी अंधेरी, आणि मोठ्यांनी दुसरी मॅच कोल्हापुरात बघावी.