व्हॉल्व्ह विझला, आवाज चालूच होता

गिटारच्या अ‍ॅम्पच्या (आवाज मोठा करणारा डबा) कामात फसून घालवलेले एकूण ५०,६७० रुपये. आधी आकडाच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कीव करायची की हसायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. घरी अजून ३०,०००च सांगितलेत.

मी काही कालचा पोरगा नव्हे. चौदा वर्षं गिटार वाजवतोय, बेळगावात टिळकवाडीतल्या गणपतीच्या ऑर्केस्ट्रापासून गोव्याच्या पबपर्यंत. स्वतःच्या केबली स्वतः सोल्डर करतो. कोणी 'ट्यूब टोन' (काचेच्या व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्यूबचा आवाज) म्हणत ट्रान्झिस्टरचा डबा विकायला आला तर त्याला गल्लीच्या टोकापर्यंत सोडून येणाऱ्यातला मी. आणि तरी.

दोन वर्षांपूर्वी पुण्याहून ६२,०००ला एक अ‍ॅम्प घेतला. सेकंडहँड, हाताने वायरिंग केलेला, पन्नास वॉट, प्लेक्सी धाटणीचा. साठच्या दशकात मार्शल कंपनीने फेंडर कंपनीच्या बेसमनवरून पहिला अ‍ॅम्प बनवला, त्याच घराण्यातला. चार इनपुट, मास्टर व्हॉल्यूम नाही. साधी ए कॉर्ड मारली की अंगावर काटा येतो. पण आमचा बँड वाजवतो मेटल, तेही ड्रॉप सी ट्यूनिंगमध्ये, म्हणजे तारा नेहमीपेक्षा खाली उतरवून. त्या अ‍ॅम्पवर पाम म्यूट केला (तळव्याने तारा दाबून वाजवलं) की म्हैस चिखलात बसल्यासारखा आवाज. कारण उघड आहे: असल्या अ‍ॅम्पमध्ये प्रीअ‍ॅम्पचा (व्हॉल्व्हच्या पहिल्या टप्प्याचा) गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, बेताचा, खरं डिस्टॉर्शन (आवाजाचा फाटलेपणा) पॉवर व्हॉल्व्ह कोंडले की येतं, म्हणजे शेजारी पोलिसांना फोन करतील एवढ्या आवाजाला. शिवाय बेस न छाटताच आत जातो आणि तिथे फुगतो. १९९२च्या पीव्ही ५१५०सारखे अ‍ॅम्प गेनच्या पायऱ्या वाढवतात आणि बेस आधीच आवळून धरतात. हे सगळं मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच फसलो. काहीच माहीत नसणाऱ्याने त्या माणसाचं अर्धं बोलणं ऐकून फोन ठेवला असता.

तो माणूस कोल्हापूरचा. एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भेटला. "भावा, आणखी एक ट्वेल्व्ह-एएक्स-सेव्हन टाकतो, एका बाटलीत दोन ट्रायोड, म्हणजे दोन स्टेज वाढल्या. एकाला कोल्ड क्लिपर करतो, मार्शलच्या जेसीएम ८००मध्ये असतो तसा. वरनं बघितलं तर जुनाच अ‍ॅम्प, आतनं राक्षस." (ट्वेल्व्ह-एएक्स-सेव्हन म्हणजे एक व्हॉल्व्ह, ट्रायोड म्हणजे त्यातला आवाज वाढवणारा एकेक भाग, कोल्ड क्लिपर म्हणजे लाटेची एक बाजू मुद्दाम छाटणारी पायरी.) एक शब्द चुकीचा नव्हता. मला वाटलं, शेवटी आपली भाषा बोलणारा माणूस भेटला.

दर असे: मॉडचे, म्हणजे आतल्या फेरबदलाचे, १८,५००. मुलार्ड या जुन्या ब्रिटिश कंपनीचे चार व्हॉल्व्ह, मिलिटरीच्या न वापरलेल्या स्टॉकमधले, १४,०००. सेलेस्टियन कंपनीचा व्हिंटेज ३० स्पीकर, 'थोडाच वाजलेला', ६,५००. झाले ३९,०००. त्यावर मॉडच्या मजुरीवर अठरा टक्के जीएसटी, ३,३३०. बिल? "बिल मार्चमध्ये एकदम काढतो." ४२,३३० रुपये तीन हप्त्यांत यूपीआयने गेले. प्रत्येक वेळी त्याने सांगितलं, नोटमध्ये 'उसने परत' असं लिही, इन्कम टॅक्सची कटकट नको. मी लिहिलं. तीनदा लिहिलं. स्वतःच्या बोटांनी.

मग चार खेपा. बेळगाव-कोल्हापूर, कोगनोळीचा टोलनाका, मित्राची गाडी, पेट्रोल आणि टोल मिळून ७,१४०. पहिल्या खेपेला त्याच्यासाठी अर्धा किलो कुंदा घेऊन गेलो होतो. त्या कुंद्याचा राग मला ४२,०००पेक्षा जास्त येतो, खरं सांगतो.

आता तो क्षण. यावर मी इतक्या रात्री जागलोय की सगळं फ्रेमबाय फ्रेम पाठ आहे.

शेवटच्या खेपेला डेमो. गिटार त्याची, अ‍ॅक्टिव्ह पिकअपवाली. माझी गाडीत होती, मी आणली नाही. (आणायला हवी होती. स्वतःची गिटार, स्वतःची केबल, याशिवाय कुठलाही डेमो ऐकू नका.) चारपैकी एकच इनपुट चालू ठेवलेला, "हाय-गेनला वेगळी लाइन लागते." मागून एक काळी बारीक वायर बाहेर आलेली, टोकाला नऊ व्होल्टचा अडॅप्टर. "तो एलईडीसाठी, भावा." पुढच्या पॅनलवर खरंच एक लाल एलईडी होता. वाजवलं, तर घट्ट, कोरडा, छातीवर बसणारा आवाज. मी हसलो. तेवढ्यात मागे वाकून बघताना माझा हात नव्या व्हॉल्व्हला लागला. सॉकेट सैल होतं. व्हॉल्व्ह विझला. आतली केशरी वात गेली, काचेत अंधार झाला. मी बघत होतो. आवाज होता तसाच.

म्हटलं, हा विझला की ओ. तो शांतपणे म्हणाला, "कॅथोड गरम असतो ना, थोडा वेळ आवाज टिकतो."

आणि हे खरं आहे! हीटर (ती वात) बंद पडला तरी कॅथोड (वातीने तापून इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) निवेपर्यंत व्हॉल्व्ह चालतो. पण किती? काही सेकंद, आणि आवाज हळूहळू बसत जातो. मी त्यानंतर दोन रिफ पूर्ण वाजवले, एक तर संथ, हाफ-टाइमचा, मिनिटाच्या वर. आवाज रेसभर हलला नाही. तोवर त्याने मागून व्हॉल्व्ह दाबून परत पेटवला होता आणि मी उरलेले २०,००० पाठवत होतो. अर्धं खरं सांगणाऱ्यापुढे अर्धं शिकलेला माणूस काय करणार? माझं डोकं त्याच्या बाजूने उत्तरं शोधत होतं. पुढच्या महिन्यात गोव्यात शो होता, आम्हाला आवाज हवा होता, मला तो खरा ठरायला हवा होता.

गोव्यात तिसऱ्या गाण्यात अ‍ॅम्पमधून पत्र्याच्या डब्यात गांधीलमाशी कोंडल्यासारखं काहीतरी आलं, मग कर्र, मग शांतता. उरलेला शो साउंडवाल्याच्या डीआय बॉक्सवर (गिटार अ‍ॅम्पशिवाय थेट साउंड सिस्टिमला जोडणारी डबी) काढला. ड्रमरने परतीच्या वाटेवर अनमोडपर्यंत एक शब्द काढला नाही.

शहापुरात एक काका आहेत, रेडिओच्या जमान्यापासून ऑर्केस्ट्रांचे अ‍ॅम्प दुरुस्त करणारे. त्यांनी चेसिस उघडली आणि चष्मा काढून पुसला. "बाळा, हे कुणी केलंय?" आत एका स्वस्त डिस्टॉर्शन पेडलचं बोर्ड, डबी काढून टाकलेलं, ग्लू गनने पॅनलच्या मागे चिकटवलेलं. पॉवर व्हॉल्व्हच्या उष्णतेने गोंद वितळला आणि बोर्ड खाली लोंबलं. नव्या व्हॉल्व्हला फक्त हीटरच्या दोन तारा. आवाजाचा सिग्नल ज्यातून जातो त्या प्लेटला काही नाही, ग्रिडला काही नाही. दिव्याची माळ लावावी तसा पेटवून ठेवलेला. म्हणजे डेमोतला आवाज या बोर्डाचा, आणि तो नऊ व्होल्टचा अडॅप्टरही त्याचाच. ते बोर्ड आणखी दोन बोटं सरकलं असतं तर चारशे व्होल्टच्या लाइनवर पडलं असतं आणि गिटारची तार माझ्या हातात होती. (अ‍ॅम्प स्वतः उघडायला जाऊ नका. प्लग काढला तरी कॅपॅसिटरमध्ये जीव घेण्याएवढा चार्ज राहतो.)

मुलार्डवरचं नाव ओल्या बोटाने पुसलं गेलं. काका म्हणाले, अस्सलचंही पुसतं, तो पुरावा नव्हे. अस्सलला काचेच्या खालच्या कडेला फॅक्टरीचा बारीक कोड कोरलेला असतो. माझ्या चारांवर काच गुळगुळीत. स्पीकरचा स्टिकर नखाने उचकटला, खाली देवळाच्या भोंग्यांना लावतात तसला पीए स्पीकर. व्हिंटेज ३० साडेसहा हजारांत कोण देतो, हा प्रश्न मला तेव्हा पडला होता. 'जुना असेल' असं मीच मला सांगितलं. त्याचं वायरिंग काढून अ‍ॅम्प पूर्ववत करायला काकांनी १,२०० घेतले. तेही नको म्हणत होते.

मग तक्रार. पैसे गेल्यापासून तेविसावा दिवस. १९३०वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला. तिथे पैसे वाटेत अडवायचे तर पहिल्या काही तासांत कळवावं लागतं. मला म्हणाले, तुम्ही माणसाला भेटलात, काम करून घेतलंत, हा सायबर गुन्हा कसा? बँकेत साहेबांनी स्टेटमेंट बघितलं. "उसने परत असं लिहिलंय. म्हणजे तुम्ही कर्ज फेडलंत ना?" मी गप्प.

बेळगावच्या ठाण्यात अर्ज मराठीत लिहून नेला. कन्नड किंवा इंग्लिश आणा. आणला, टायपिंगवाल्याला १५० देऊन (हे वरच्या हिशोबात धरलेले नाहीत). मग, काम कोल्हापुरात झालंय, तिकडे जा. कोल्हापूरकडे गेलो. तिथले साहेब आधार कार्ड बघून म्हणाले, तुम्ही कर्नाटकातले, पैसे बेळगावातून गेले, तिकडे जा. म्हणजे आमच्यासाठी सीमाप्रश्न आहेच, पण चोराला कसलीच सीमा नाही. १ जुलै २०२४पासून नवा कायदा आलाय, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. त्यात गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कुठल्याही ठाण्याने नोंद घ्यायची आहे, झिरो एफआयआर. कलम १७३. मी प्रिंट काढून नेली. हवालदाराने ती वाचली, घडी घालून मला परत दिली आणि म्हणाला, "नाळे बा." लहानपणी भूत परतवायला कानडी लोक दारावर हेच लिहायचे म्हणून ऐकलं होतं, उद्या ये. भुताने निदान दार वाजवून विचारलं असतं. मी सहा 'उद्या' गेलो. सहाव्या वेळी दुसऱ्या एकाने खुर्चीत रेलून विचारलं, "तो डबा आता वाजतोय की नाही?" वाजतोय. "मग फसवणूक कसली?"

त्याला सांगणार होतो की आता का वाजतोय. काकांनी जुनंच सगळं परत जोडलं आणि माझ्याच कपाटात धूळ खात पडलेलं हिरवं ओव्हरड्राइव्ह पेडल पुढे लावायला सांगितलं. ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल पूर्ण, टोन मध्यावर. ते पेडल बेस आधीच छाटतं, मिड पुढे आणतं, अ‍ॅम्पच्या पहिल्या व्हॉल्व्हला जोरात ढकलतं. त्यापुढे इक्यू (आवाजातला बेस-ट्रेबल कमीजास्त करणारं पेडल), शंभर हर्ट्झच्या आसपास खाली. नॉइज गेट, म्हणजे वाजवत नसताना खरखर बंद करणारं पेडल. अ‍ॅम्पचा गेन वाटतो त्याहून कमी. गिटारला जाड तारा. ५१५० झाला का? नाही. पण पाम म्यूट घट्ट बसतो. नवा खर्च शून्य. हे त्याला काय सांगू?

एक वाट उरलीय. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दावा टाकता येतो, कोल्हापूरला खेटे घालावे लागत नाहीत, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. दावा टाकलाय. वकिलीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, बिल आहे? दुसरा, मग या नोटमध्ये 'उसने परत' का? व्हॉट्सअ‍ॅपवरची सगळी बोलणी मी एक्सपोर्ट करून ठेवली होती, तेवढं एक शहाणपण. त्याने मला ब्लॉक करण्याच्या आदल्या रात्री केलं. तुम्हीही भांडण व्हायच्या आधीच करा.

तारीख पुढच्या महिन्यात आहे. बोर्ड, त्यावरचा गोंद आणि तो शोभेचा व्हॉल्व्ह कापसात गुंडाळून ठेवलाय. काका म्हणाले जपून ने, काच फुटली तर पुरावा गेला. परवा ग्रुपवरच्या एकाने त्याच माणसाची नवी जाहिरात पाठवली. 'प्लेक्सीमध्ये मॉडर्न मेटल, खात्रीशीर काम.' खाली फोटो. डाव्या कोपऱ्यावर टोलेक्स (डब्यावरचं कातड्यासारखं आवरण) फाटलेलं, तिथे मी लावलेली काळी टेप. अ‍ॅम्प माझाच.