दिवसभर मराठी-कन्नड टाईप करणाऱ्यानं जुना मॅक मिनी घ्यावा काय?

बेळगावच्या शहापुरात आमचं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, गणपती मंडळाच्या पावत्या, सोसायटीचे अहवाल, मधेच कोर्टाचे कागद, आणि हे सगळं मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्हीत. इतकी वर्षं काम विंडोजवर चाललं, मग जुना पीसी बसला आणि पुण्याचा भाचा त्याचा मॅक मिनी, म्हणजे ॲपलचा छोटा कॉम्प्युटर, विकायला काढत होता तो घेतला, २०२० चा, एम-वन चिपचा, ८ जीबी रॅमवाला. यूट्यूबवर बघाल तर सगळे व्हिडिओ एडिटिंगचंच सांगतात, दिवसभर नुसतं टाईप करणाऱ्या माणसाचं काय ते कोण सांगत नाही, म्हणून हा रिव्ह्यू खास आमच्यासारख्यांसाठी.

आधी एक गोष्ट, मिनी म्हणजे फक्त डबा. स्क्रीन, कीबोर्ड, माऊस तुमचा तुम्ही लावायचा. मी जुनाच विंडोजचा यूएसबी कीबोर्ड लावला आणि खरी शाळा तिथंच सुरू झाली बघा. कॉपी करायला कंट्रोल-सी दाबलं की काहीच होत नाही, कारण इथं ते काम कमांडचं, आणि विंडोजच्या कीबोर्डवर विंडोजचा लोगो असलेलं बटण म्हणजे कमांड आणि ऑल्ट म्हणजे ऑप्शन. ॲपलच्या स्वतःच्या कीबोर्डवर कमांड स्पेसबारला चिकटून असतं, आपल्यावर तिथं ऑल्ट येतं, म्हणून अंगठा सारखा चुकीच्या जागी पडतो. ह्याला उपाय आहे, सेटिंगमधे कीबोर्ड, त्यात कीबोर्ड शॉर्टकट्स, त्यात मॉडिफायर कीज, तिथं ऑप्शन आणि कमांडची अदलाबदल करून टाका. बरेच जण कंट्रोल आणि कमांडची अदलाबदल करा म्हणून सांगतात म्हणजे जुनी सवय तशीच राहते, पण माझं स्पष्ट मत, तसं करू नका. मॅकवर कंट्रोलला त्याची स्वतःची कामं आहेत आणि ती फार कामाची आहेत, खाली सांगते.

झेड, एक्स, सी, व्ही ही चार बटणं मात्र तीच, अंडू, कट, कॉपी, पेस्ट. आणि ही काय विंडोजची देणगी नव्हे. झेरॉक्स कंपनीच्या पार्क नावाच्या लॅबमधे लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७० च्या दशकात जिप्सी नावाच्या एडिटरमधे कट-कॉपी-पेस्ट आणलं, मग टेस्लर ॲपलमधे गेले, आणि १९८३ च्या त्यांच्या लिसा कॉम्प्युटरवर ही चार अक्षरं खालच्या ओळीत एकाशेजारी एक बसली. विंडोजमधे पूर्वी कॉपीला कंट्रोल-इन्सर्ट आणि पेस्टला शिफ्ट-इन्सर्ट असायचं, ते अजूनही चालतं, जुने ऑपरेटर तसंच करतात. टेस्लर २०२० च्या फेब्रुवारीत गेले. आपण रोज शेकडो वेळा ज्या माणसाचं काम वापरतो त्याचं नाव आपल्या लाईनमधल्या बहुतेकांनी ऐकलेलंसुद्धा नसतं, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

सगळ्यात जास्त त्रास होम आणि एंडचा. विंडोजवर एंड दाबलं की कर्सर ओळीच्या शेवटी जातो. इथं नोट्स किंवा टेक्स्टएडिटमधे एंड दाबलं की सगळं पान खाली सरकतं आणि कर्सर मात्र होता तिथंच, तुम्ही पुढचं अक्षर टाईप केलं की पान परत उडी मारून वर येतं. नवीन माणूस इथंच वैतागतो आणि मशीन खराब आहे म्हणतो. खराब काही नाही, पद्धत वेगळी आहे. बाण धरून चला. नुसता बाण एक अक्षर, ऑप्शन धरून बाण एक शब्द, कमांड धरून बाण ओळीच्या टोकाला, कमांड आणि वरचा-खालचा बाण म्हणजे फाईलची सुरुवात किंवा शेवट, आणि ह्यातल्या कशातही शिफ्ट मिसळला की तेवढं सिलेक्ट होतं. ऑप्शन-बॅकस्पेसनं मागचा आख्खा शब्द जातो, कमांड-बॅकस्पेसनं ओळीच्या सुरुवातीपर्यंतचं. एकच नियम सगळीकडे, म्हणून पाठ करावं लागत नाही, समजून घेतलं की झालं. विंडोजपेक्षा हे मला जास्त सरळ वाटतं.

मराठीत ह्याचा फायदा दुप्पट, कारण आपलं एक अक्षर आतून दोन-तीन-चार तुकड्यांचं असतं. "निपाणीच्या" मधल्या "च्या"वरून बाण एका दमात पलीकडे जातो, पण बॅकस्पेस मारायला गेलात की आधी काना, मग य असं सुटं सुटं निघतं. त्यामुळे शब्द चुकला तर खोडत बसण्यापेक्षा ऑप्शन-बॅकस्पेसनं उडवून परत टाईप करणं लवकर होतं.

एक प्रसंग सांगते. पत्रिकेचं प्रूफ ओके झालेलं आणि मुलीचे काका दुकानात आले, घरात दुःखाचा प्रसंग झालेला, लग्न साधेपणानं करायचं ठरलेलं. एवढंच म्हणाले, "अक्का, वहिनींच्या नावापुढचं सौ. काढून श्रीमती कर की." नाव निमंत्रणात, हळदीच्या चिठ्ठीत, पाकिटावर सगळीकडे होतं. कमांड-एफनं नाव शोधलं, एकेक सौ. ऑप्शन-शिफ्ट-बाणानं धरून बदलला, कमांड-जीनं पुढच्या जागी. माऊसला हात लावला नाही, ते खुर्चीत नीट बसायच्या आत काम झालं. असल्या वेळी माणसाला ताटकळत बसवायचं नसतं, शॉर्टकट मला त्यासाठी पाहिजेत.

आता कंट्रोलचं. कंट्रोल-ए परिच्छेदाच्या सुरुवातीला, कंट्रोल-ई शेवटी, कंट्रोल-डी पुढचं अक्षर खोडतो, ही ईमॅक्स नावाच्या जुन्या एडिटरची पद्धत मॅकवाल्यांनी आत घेतलेली आहे. त्यातलं सोनं म्हणजे कंट्रोल-के आणि कंट्रोल-वाय. के दाबलं की कर्सरपासून परिच्छेदाच्या शेवटापर्यंतचं सगळं उचललं जातं, वाय दाबलं की जिथं पाहिजे तिथं उतरतं, आणि हे कमांड-सीच्या कॉपीपासून वेगळं राहतं! म्हणजे दोन हातात दोन मजकूर. इंग्रजी पत्त्यांची यादी गावाप्रमाणे लावताना, खानापूरचे इकडे, निपाणीचे तिकडे, मी कॉपीमधे "टू बी डिलिव्हर्ड बाय हँड" धरून ठेवते आणि पत्ते के-वायनं हलवते. टेक्स्टएडिट, नोट्स, मेल, पेजेस ह्या मॅकच्या घरच्या ॲपमधे हे चालतं, बाहेरच्या सगळ्याच ॲपमधे चालेल असं धरून चालू नका.

भाषा बदलायला कंट्रोल-स्पेस. देवनागरी, कन्नड दोन्ही आतच आहेत, वेगळं काही घालावं लागत नाही. इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठीची कीबोर्डची ठरलेली मांडणी, येत असेल तर बेळगावच्या माणसाला ह्यासारखी सोय नाही, कारण मराठीचा क जिथं तिथंच कन्नडचा क, प तिथं प, ळ दोन्हीकडे शिफ्ट-एनवर, कन्नडमधे ऱ्हस्व ए आणि ओ तेवढे जास्तीचे शिकायचे. आमच्याकडे कामाला येणारी वडगावची पोरगी कन्नड शाळेत शिकलेली, मराठी टायपिंग तिनं ह्याच वाटेनं बघता बघता उचललं. मेलमधून आलेला मजकूर कुठल्या तरी भलत्या फॉन्टात येऊन पडतो त्याला ऑप्शन-शिफ्ट-कमांड-व्ही, चार बटणं आहेत खरी, पण मजकूर आपल्या फाईलच्या फॉन्टात येतो.

कुणी घेऊ नये तेही सांगते. ज्यांचं काम नुडीत, म्हणजे कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधे, आहे त्यांनी थांबा, ते विंडोजसाठीचं. ज्यांच्या कपाटात वर्षानुवर्षाच्या युनिकोड (कुठल्याही मशीनवर अक्षरं तीच दिसावीत म्हणून ठरवलेली पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टातल्या फाईली आहेत त्यांनी आधी त्या युनिकोडमधे करून घ्याव्यात, नाहीतर उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. माझ्याकडे अशांसाठी जुना पीसी दुरुस्त करून कोपऱ्यात ठेवलाय. आणि मिनीला बॅटरी नसते, आमच्याकडे पावसाळ्यात लाईटचा काय भरवसा नाही, तर यूपीएस घ्याच.

टायपिंग हाच धंदा असेल आणि युनिकोडवर काम चालत असेल तर पाचपैकी साडेचार. अर्धा होम-एंडचा कापला. घेतलात तर पहिले काही दिवस तातडीची कामं त्याच्यावर घेऊ नका, एखादा जुना अहवाल उघडून माऊस बाजूला ठेवा आणि नुसते बाण, ऑप्शन, कमांड, शिफ्ट एवढ्यावरच दुरुस्त्या करून बघा. शहापूर, वडगाव, अनगोळ भागातलं कुणी घेणार असेल तर दुपारी दुकानात या, मॉडिफायर कीजचं सेटिंग मी करून दाखवते.