सापाच्या पेटीचा थर्मोस्टॅट खोटा निघाला, तुमचा आजच तपासा

मी जुळे सोलापूरला राहतो, माझ्याकडे बॉल पायथन हा परदेशी साप आहे, केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंद केलेला (आपले नाग, धामण, अजगर घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तो विचारही करू नका). उन्हाळ्यात इथं ४३-४४ डिग्रीत त्याला गार कसं ठेवायचं हीच काळजी असते, पण जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत रात्री फरशीवर पाय ठेववत नाही आणि हा आफ्रिकेतला जीव, त्याला पेटीची एक बाजू ३१-३२ आणि दुसरी २५-२६ लागते, नाहीतर खाल्लेलं पचत नाही. म्हणून डिसेंबरात ऑनलाइन एकाकडून तयार सेटअप मागवला, काचेची पेटी, हीट मॅट (पेटीखाली लावायची विजेवर तापणारी चटई), "इम्पोर्टेड" थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानाला मॅट आपोआप बंद-चालू करणारा डबा), सगळं मिळून साडेआठ हजार. दादा फक्त प्लग लावा, बाकी टेन्शन माझं, असं बोलला. बिल मागितलं तर पाठवतो म्हणाला, ते आलंच नाही.

स्क्रीनवर कायम ३२ दिसायचं म्हणून मी निर्धास्त. आठ-दहा दिवसांनी साप पाण्याच्या भांड्यातच बसून राहायला लागला, उंदीर पण घेईना, उचलून बघितला तर पोटाखालचे खवले तांबूस झालेले आणि दोन ठिकाणी फोड. मॅटच्या वरच्या काचेला हात लावला तर चटका बसला, दुसऱ्या थर्मामीटरने मोजलं तर ४८. साप ऊब म्हणून तिथंच पडून राहतो हो, भाजायला लागलं तरी पटकन बाजूला होत नाही.

शेजारचे काका वायरिंगची कामं करतात, त्यांनी तो थर्मोस्टॅटचा डबा खोलला. आत मॅट बंद-चालू करणारा स्विच, म्हणजे रिलेच नाही! मॅटची वायर एकीकडून आत, दुसरीकडून सरळ बाहेर, तापमान मोजणारा प्रोब कशालाच जोडलेला नाही आणि स्क्रीनवर दिसायचा तो आपण सेट केलेला आकडा. मला रडूच आलं, इतके दिवस मी त्याला भाजत होतो.

साप बघणारा डॉक्टर पुण्यात मिळाला. रोज मलम, खाली फक्त कागद, आता दोनदा कात टाकलीय तरी डाग आहेत, पण खायला लागलाय.

विकणारा आधी म्हणाला तुमच्याकडं व्होल्टेज जास्त असेल, मग ब्लॉकच केलं. यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि कुरियरचं लेबल ठेवलं होतं, तेच घेऊन १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केलीय.

नवीन थर्मोस्टॅट घेतला की मॅटऐवजी त्याला साधा बल्ब लावा, ३० वर सेट करा, प्रोब गार पाण्यात बुडवा, बल्ब लागला पाहिजे. मग प्रोब पुसून मुठीत घट्ट धरा, दोन-चार मिनिटांत बल्ब विझला पाहिजे किंवा मंद तरी झाला पाहिजे. नाही झाला तर तो पेटीला लावू नका. आणि मॅटच्या वर, साप जिथं बसतो तिथं, वेगळा थर्मामीटर ठेवाच.

तो खोललेला डबा मी टाकला नाही, सोलापुरात कुणाला आपल्या थर्मोस्टॅटशी ताडून बघायचा असेल तर मेसेज करा, घेऊन येतो.