भाव न विचारलेला मासा

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात मासे घ्यायला मी तीस वर्षं जाते आहे. कल्ला उचलायचा, पोटाला बोट लावून बघायचं, नाक मुरडायचं, दोन पावलं पुढे जायचं आणि मागून हाक आली की परत फिरायचं. आजची सुरमई कुठली आणि कालची कुठली हे मला लांबून कळतं, असा माझा समज आहे आणि तो बऱ्यापैकी खराही आहे. हे आधीच सांगते, कारण सप्टेंबर २०२४ मध्ये ग्रीसच्या रोड्स बेटावर मी फसले ती माशातच. वाइनमध्येही फसले, पण तिथे मी अडाणीच होते, त्याचं दुःख कमी. आमचे हे फसले कार्डाच्या यंत्रावर. ते चौतीस वर्षं बँकेत होते.

लेक जर्मनीत असते. तिला रजा नव्हती, पण तिथून रोड्सला थेट विमान जातं आणि आमच्याकडे व्हिसा होताच. "आई, इथे घरात बसून काय करणार? तुम्ही दोघं चार दिवस जाऊन या," म्हणाली. गेलो.

जुनं शहर बघण्यासारखं आहे यात वाद नाही. भोवती तटबंदी, आत दगडी गल्ल्या, पायाखाली काळ्या-पांढऱ्या गोट्यांची नक्षी. साध्या चपलेने चालाल तर संध्याकाळी तळवे बोंबलतात. १३०९ पासून १५२२ पर्यंत इथे ख्रिस्ती धर्मयोद्धे सरदारांचं राज्य होतं. मग सुलतान सुलेमानाने वेढा घालून शहर घेतलं, पुढे जवळजवळ चारशे वर्षं तुर्क, १९१२ पासून इटालियन, आणि ग्रीसमध्ये हे बेट आलं ते १९४७-४८ कडे. त्यामुळे एका गल्लीत मशीद, पुढच्या गल्लीत चर्च आणि थोडं खाली गेलं की १५७७ चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ.

पहिले दोन दिवस आम्ही खाण्याच्याच मागे होतो. पितारूदिया नावाची चण्याची भजी खाल्ली, त्यात कांदा, टोमॅटो आणि भरपूर पुदिना. आपल्या भज्यांपेक्षा मऊ, पण कुळ तेच. मेलेकूनी म्हणून तीळ-मधाची वडी मिळते. ती तिथे लग्नात वाटतात, हे ऐकून मला एकदम संक्रांत आठवली, फक्त गुळाच्या जागी मध आणि वर संत्र्याच्या सालीचा वास. एका दुकानदाराने सूमा चाखायला दिली. द्राक्षांच्या चोथ्याची ही दारू घशातून उतरताना फेणीची आठवण करून देते. यांनी दोनदा चाखली, चव नीट कळावी म्हणून.

दोन दिवस सगळे चांगलेच भेटले, आणि तिथेच आम्ही सैल झालो.

तिसऱ्या संध्याकाळी हिप्पोक्रातिस चौकात कारंज्यापाशी बसलो होतो. कारंज्याच्या टोकावर छोटं घुबड आहे. समोर जिना असलेली कास्तेलानिया नावाची इमारत आहे, १५०७ सालची. सरदारांच्या काळात व्यापाऱ्यांचे तंटे तिथे सोडवत. हे यांनी मला वाचून दाखवलं आणि आम्ही उठून तिथून शंभर पावलांवरच्या एका टाव्हेर्नात, म्हणजे तिथल्या खानावळीत, स्वतःच्या पायांनी चालत गेलो. नाव सांगत नाही. नाव सांगून उपयोगही नाही, कारण ही रीत एका दुकानाची नाही.

दारात एक गोड बोलणारा माणूस उभा होता. "नमस्ते! इंडिया?" आपल्याकडे ज्या खानावळीला गिऱ्हाईक असतं तिच्या दारात कोणी हाका मारायला उभा नसतो, एवढी साधी गोष्ट मला त्या वेळी सुचली नाही. त्याने खुर्ची ओढून दिली. मी मेनू कार्ड मागितलं तर म्हणाला, "मेनू कशाला? चला, मासेच दाखवतो." आणि बर्फावर मांडलेल्या माशांपुढे मला नेऊन उभं केलं.

मी हुरळले. मला मासे दाखवायला नेलं म्हणजे माझा मान राखला, असं वाटलं. फाग्री नावाचा गुलाबी मासा होता, आपल्या तांबोशीची धाकटी बहीण म्हणावा असा. मी कल्ला उचलून बघितला. लाल. डोळा चकचकीत. पोट घट्ट. त्याने डोळे मोठे करून "मॅडम एक्स्पर्ट!" म्हटलं. मी एका माशावर बोट ठेवलं, तो घेऊन आत गेला.

भाव विचारला नाही. वजन विचारलं नाही. आता विचार करते तेव्हा कारण लक्षात येतं. आमच्याकडे मासा वाट्याने घेतात. समोर वाटा असतो, त्याची एक किंमत असते, त्यावर घासाघीस होते. मोठा मासा असला तर तोही नगावर. तराजूची सवय हाताला नाही. आणि दुसरं, परदेशात, चांगले कपडे घालून बसलेल्या लोकांत, "केवढ्याला?" हे विचारायची लाज वाटली. मिरकरवाड्यात दोन रुपयांसाठी चारचौघींत भांडणारी मी तिथे सुसंस्कृत व्हायला गेले.

वाइनचंही तसंच. मी म्हटलं, इथलीच पाहिजे. अथीरी हा त्यांचा पांढऱ्या द्राक्षाचा वाण आणि मांदिलारिया हा काळ्या द्राक्षाचा, एवढं मी आदल्या दिवशी शिकले होते. अत्ताव्हिरोस डोंगराच्या पायथ्याला एम्बोनास गाव आहे, तिथले मळे प्रसिद्ध. "अथीरी, येस येस," म्हणत त्याने बाटली आणली ती उघडलेलीच, बर्फाच्या भांड्यात मानेपर्यंत बुडवलेली, लेबल पाण्यात. मागोमाग न मागितलेली एक मोठी बशी आली, त्यात दही-काकडी, माशांच्या अंड्यांची चटणी आणि डाळीचं वाटण. पाव आला. पाणी आलं. पाहुणचार करतायत म्हणून आम्ही आभार मानत होतो. मग सिमी बेटाची छोटी कोळंबी मागवली, सालासकट तळून देतात. आपली करंदी. ती छान होती.

शेजारच्या टेबलावर एका पोराने "बिअर" एवढंच म्हटलं, तर त्याच्यासमोर हातभर उंचीचा बुटाच्या आकाराचा काचेचा पेला आला. तो गोरामोरा झाला. आम्ही दोघं हसलो. हसायला नको होतं.

मासा आला. चव अप्रतिम, वर नुसतं लिंबू आणि ऑलिव्हचं तेल.

बिल आलं ते एका चिठोऱ्यावर, पेनाने खरडलेलं, ग्रीकमध्ये. खाली आकडा २०६.१०. युरो. मी तोंडावर रुमाल धरला. यांनी "असू दे, सुट्टीवर आहोत" म्हणत कार्ड काढलं. यंत्रावर प्रश्न आला, युरो की रुपये? त्या माणसाने बोट दाखवलं, "रुपीज, इझी फॉर यू." यांनी रुपये दाबलं. रुपये दिसले की आपल्या माणसाला बरं वाटतं. साडेवीस हजार गेले.

त्या रात्री हे झोपले नाहीत, मोबाइलवर भागाकार करत बसले. त्या दिवशी युरो साधारण ९३ रुपयांना होता. यंत्राने लावलेला भाव त्याच्या सात टक्के वर. वर आपल्या बँकेने शुल्क लावलं ते निराळं. परदेशात यंत्राने विचारलं तर नेहमी तिथलंच चलन निवडायचं, रुपये निवडले की दर दुकानाच्या बाजूचं यंत्र ठरवतं. हे यांनी स्वतः शंभर ग्राहकांना काउंटरवर सांगितलं असेल. पहाटे दोनला मला म्हणाले, "हे कुणाला सांगू नकोस." मी सांगते आहे. त्यांना विचारून.

सकाळी आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाईंपुढे चिठोरं ठेवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. मासा १.४५ किलो, ७८ युरो किलोने, ११३.१०. वाइन ४६. कोळंबी २२. न मागितलेली बशी १४. पावाचे माणशी ३. पाणी ५.

दीड किलो? मी माझी वीत काढून दाखवली. ताटातला मासा डोक्यापासून शेपटीपर्यंत दीड वीत होता. तेवढी तांबोशी आमच्याकडे सहा-सातशे ग्रॅम भरते. मासा साफ करायच्या आधी तोलतात हे मान्य, तिथली पद्धतच ती आहे. पण आतडी आणि खवले मिळून फार तर छटाक-दीड छटाक जाईल. उरलेला सगळा मासा चिठोऱ्यावरच पोहत होता.

वाइनचा फोटो मी टेबलावरून उठताना काढला होता, उगाच, आठवण म्हणून. मालकीणबाई हसल्या. ती बाटली रोड्सची नव्हतीच, मुख्य भूमीवरची होती. मग त्यांनी मला रोडोस, म्हणजे रोड्सचं ग्रीक नाव, कसं वाचायचं ते शिकवलं. पहिलं अक्षर इंग्रजी पीसारखं, मग गोल, मग त्रिकोण, पुन्हा गोल आणि शेवटी गणितातलं बेरजेचं सिग्मा. लेबलवर ही पाच अक्षरं शोधायची. ग्रीक येत नसलं तरी एवढं जमतं.

त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली ती आम्हाला आदल्या रात्री माहीत हवी होती. ग्रीसमध्ये कायदेशीर पावती दिली नाही तर ग्राहकाने पैसे देणं बंधनकारक नाही, आणि हे वाक्य मेनू कार्डावर छापावंच लागतं. म्हणून तर कार्ड आमच्या हातात आलं नाही. गोठवलेल्या मालापुढे कार्डावर खूण असावी लागते. तेव्हा दाराजवळ तक्रारीच्या फॉर्मची पेटीही असावी लागायची. ग्राहकांसाठी १५२० हा फोन आहे. पावतीला आपोदिक्सी म्हणतात, हा शब्द त्यांनी माझ्याकडून चार वेळा म्हणवून घेतला.

अकरा वाजता आम्ही परत गेलो. कालचा गोड माणूस होता, आज त्याला इंग्रजी कमी येत होतं. मासा कच्चा तोलला, एवढंच म्हणत राहिला. तराजू दाखव म्हटलं तर आतून फोन आल्याचं त्याला आठवलं. मी "आपोदिक्सी" म्हटलं आणि दाराजवळच्या पेटीकडे हात दाखवला, तेव्हा गल्ल्यावरचा म्हातारा उठला. त्यांच्यात थोडी बाचाबाची झाली. शेवटी बशीचे १४ आणि वाइनपैकी २६ असे ४० युरो रोख हातात ठेवले. माशाबद्दल एक अवाक्षर नाही. यांना तेवढ्यावर निघायची घाई झाली होती, मला फॉर्म भरायचा होता. आम्ही निघालो. त्याबद्दल आमच्यात अजून मतभेद आहेत.

शेवटच्या रात्री मालकीणबाईंनी पाठवलं तिथे जेवलो. सिनेगॉगच्या बाजूला आत, दारात कोणी नाही, टेबलांवर कागद पसरलेले. मी आधी कार्ड मागितलं. मग मासा निवडला, आणि काही बोलायच्या आत तिथल्या बाईने तो तराजूवर ठेवून आकडे माझ्याकडे फिरवले. ५८० ग्रॅम. किंमत कागदावर लिहून दाखवली. मी मान हलवल्यावर मगच मासा आत गेला. वाइन सुटी मागवली. तिथे सुटी वाइन किलोवर मागतात, अर्धा किलो, पाव किलो, आणि पत्र्याच्या मापातून येते. सुट्या वाइनला त्यांचा शब्द हीमा, पण ती बाई तो असा उच्चारायची की यांना खिमा ऐकू आला आणि ते दचकून म्हणाले, नको. तिघांचं जेवण होईल एवढं खाऊन आम्ही ५२ युरो दिले, छापील पावतीवर, युरोतच.

लेकीला सगळं फोनवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, तू? भाव न विचारता?"

रत्नागिरीला आल्यावर माझ्या नेहमीच्या कोळणीलाही सांगितलं. बांगड्याचा वाटा लावता लावता तिने सगळं ऐकून घेतलं, दीड वीत, दीड किलो, एकशे तेरा युरो म्हणजे किती ते. तिने एकच विचारलं, "बाय, मासा तरी ताजा होता ना?"

होता, असं खरं सांगावं लागलं.