५१२ जीबीचा पेन ड्राइव्ह, आत जेमतेम १६ : गणपतीच्या बाजारात सांभाळा

गणपतीच्या आधी कणकवलीच्या बाजारात रस्त्याकडेच्या स्टॉलवरून गाडीसाठी ५१२ जीबीचा पेन ड्राइव्ह घेतला. किंमत ६०० रुपये, वर 'दहा हजार गाणी भरून'. पुढच्या गणपतीलाही असे स्टॉल लागतील, चाकरमानी गाड्या घेऊन गावी येतील, म्हणून सविस्तर लिहितोय.

गाडीत पेन ड्राइव्ह आमच्याकडे लागतोच. फोंडा घाट चढायला लागलं की रेंज जाते आणि मोबाइलवरचं गाणं मध्येच अडकतं. स्टॉलवाल्याने त्याच्याकडच्या टेपला लावून दाखवलं, आरत्या खणखणीत वाजल्या. घरी येऊन मी त्यात आमच्या वाडीतल्या बुवांच्या डबलबारीची, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याची, रेकॉर्डिंग टाकली. बुवा आता नाहीत. पखवाजाबरोबर चढत जाणारा त्यांचा गजर तेवढा उरलाय. कॉम्प्युटरवर लगेच लावून पाहिलं, वाजलं.

गाडीत मात्र डिस्प्लेवर फाइलचं नाव सरकत यायचं, खाली वेळ ००:०० वरच थांबायची आणि लगेच पुढचं नाव. तेही तसंच. सुरुवातीच्या आरत्या तेवढ्या नीट.

स्टॉलवाला म्हणाला, "काकानू, तुमच्या टेपाचोच प्रॉब्लेम आसा. हयसर बघा कसा वाजता." आणि पुन्हा त्याच पहिल्या आरत्या लावल्या. बिल दिलेलं नव्हतंच. पुढे कार ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलो, तर तिथे पेन ड्राइव्हला हातही न लावता टेप बाद ठरवला आणि नवीन अँड्रॉइड टेपचा भाव सांगितला : १४ हजार, फिटिंग वेगळं. मला जास्त संताप याचा आला. सहाशेची फसवणूक अशीच चौदा हजारांवर जाते.

भाच्याने त्याचा जुना ८ जीबीचा ड्राइव्ह आणला, तीच रेकॉर्डिंग त्यात टाकली. आमच्या टेपवर बुवा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजले.

मग त्याने स्टॉलवरचा ड्राइव्ह रिकामा करून एच२टेस्टडब्ल्यू या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामने तपासला. हा प्रोग्राम ड्राइव्ह काठोकाठ भरतो आणि लिहिलेलं सगळं परत वाचून पाहतो. वेळ खूप लागतो, पण उत्तर पक्कं मिळतं. आत खरी जागा १६ जीबीच्या आसपास निघाली. सातबाऱ्यावर ५१२ गुंठे आणि मोजणीत सोळाच, असा प्रकार. ड्राइव्हमधल्या कंट्रोलर चिपला खोटा आकडा सांगायला लावलेलं असतं. खरी जागा संपली की पुढचं लिखाण हवेत जातं, नाहीतर जुन्या फाइलींवर चढतं. नावांची यादी मात्र सुरुवातीच्या खऱ्या भागात असते, म्हणून नावं दिसतात. कॉपी केल्याकेल्या कॉम्प्युटरवर वाजलं तेही फसवंच, कारण तेव्हा तो स्वतःच्या मेमरीतूनच वाजवत असतो. एक गाणं साधारण ५ एमबीचं धरलं तर १६ जीबीत तीन हजारांच्या आसपास गाणी बसतात. दहा हजारांतली बाकीची नुसती नावं होती.

टेपमध्ये खरंच काही अडचण असेल तर ती वेगळी दिसते. ड्राइव्ह अजिबातच वाचला जात नसेल तर फॉरमॅट, म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडायची पद्धत, बघा. गाड्यांचे बरेच टेप फक्त फॅट३२ वाचतात आणि मोठे ड्राइव्ह बहुधा एक्सफॅटमध्ये येतात. ठरावीक प्रकारच्याच फाइली, समजा फ्लॅक, वाजत नसतील तर तो टेप ती फाइल वाचत नाही. पण साध्या एमपी३ पैकी सुरुवातीच्या वाजतात आणि नंतर भरलेल्या उड्या मारतात, तर आधी ड्राइव्हवर संशय घ्या आणि दुसरा लावून पाहा. गाडीला ३२ जीबी भरपूर होतो, सहा हजारांपर्यंत गाणी मावतात. तो नामांकित कंपनीचा घ्या, दुकानातून, पक्क्या बिलावर. स्टॉलवर घ्यायचाच झाला तर यादीतलं शेवटचं गाणं लावायला सांगा.

बिल किंवा ऑनलाइन ऑर्डरची पावती असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करता येते. बुवांची मूळ रेकॉर्डिंग त्यांच्या मुलाच्या मोबाइलमध्ये होती म्हणून वाचली. असा ड्राइव्ह घरात असेल तर त्यातलं जे वाजतंय ते आजच दुसरीकडे काढून घ्या, आणि तपासून होईपर्यंत मोबाइलमधली मूळ फाइल पुसू नका.