शिळा भाव: रिफ्रेश करायचं की ट्रान्झॅक्शन संपवायचं?

नाशिकच्या एका कांदा व्यापाऱ्याचं अ‍ॅप आम्ही सांभाळतो. लासलगावला लिलाव झाला की त्यांचा माणूस भाव टाकतो, आणि मागे चालणारा वर्कर दर मिनिटाला तो वाचून ऑफिसातल्या स्क्रीनवर लावतो. एकदा डेटाबेसात १८५० आणि स्क्रीनवर सकाळचेच १७२०. शेठचा फोन आला, "अहो, बाजार कधीच उठला, तुमचा भाव अजून सकाळचाच?"

मांडणी एसक्यूएलअल्केमी (पायथॉनमधून डेटाबेसाशी बोलणारी लायब्ररी) आणि मायएसक्यूएल डेटाबेसची. वर्करने सुरू झाल्यापासून एकच सेशन, म्हणजे लायब्ररीचं डेटाबेसाशी चालू संभाषण, धरलेलं. मी आधी रिफ्रेश लावलं, म्हणजे ओळ डेटाबेसातून पुन्हा वाचायला सांगितलं. लॉगमध्ये सिलेक्ट (वाचायची क्वेरी) जाताना दिसतंय, उत्तर मात्र १७२०. तासभर कॅशला शिव्या घातल्या, ती बिचारी तिथे नव्हतीच.

शिळेपणा दोन जागी असतो. एक, सेशनची आयडेंटिटी मॅप, म्हणजे वाचलेल्या प्रत्येक ओळीचा एकच ऑब्जेक्ट जपणारी यादी: क्वेरी नवी ओळ आणते, पण हातातला जुना ऑब्जेक्ट तसाच राहतो. दोन, ट्रान्झॅक्शनचा (एकत्र धरलेल्या वाचन-लेखनाच्या गटाचा) स्नॅपशॉट, म्हणजे डेटाबेसाचं गोठवलेलं चित्र: इनोडीबी, मायएसक्यूएलचं साठवणीचं इंजिन, मुळात रिपीटेबल रीड या पातळीवर चालतं, म्हणजे एका ट्रान्झॅक्शनमध्ये पहिल्या वाचनाला जे दिसलं तेच शेवटपर्यंत. ओळखायला त्याच सेशनमधून ऑब्जेक्ट न मागता नुसता भावाचा कॉलम मागा. नवा आकडा आला तर दोष मॅपचा, जुनाच आला तर स्नॅपशॉटचा.

मॅपचा असेल तर रिफ्रेश पुरे. एकदोन ऑब्जेक्टसाठी स्वस्त, पण सेव्ह न केलेले बदल पुसले जाऊ शकतात. पोस्टग्रेस डेटाबेसवर बहुतेकदा एवढ्यात भागतं, कारण तिथे मूळ पातळी रीड कमिटेड, म्हणजे दर क्वेरीला तोवर पक्कं झालेलं ताजं दिसतं. जँगोत (पायथॉनची वेब फ्रेमवर्क) आयडेंटिटी मॅपच नाही, तिथे आधी हातात धरून ठेवलेला ऑब्जेक्ट किंवा क्वेरीसेट (क्वेरीचा निकाल) तपासा.

स्नॅपशॉटचा असेल तर ट्रान्झॅक्शन संपवणं हाच माझा कौल. वेब रिक्वेस्टला एक सेशन, रिक्वेस्टबरोबर बंद. वर्करला दर फेरीअखेर रोलबॅक, म्हणजे काही न लिहिता ट्रान्झॅक्शन सोडून देणं. आमचं काम त्या एका ओळीने झालं. मायएसक्यूएललाही रीड कमिटेडवर नेता येतं, पण मग एकाच रिपोर्टमधली बेरीज आणि खालच्या ओळी जुळतीलच असं नाही, आणि आयडेंटिटी मॅप तशीच राहते. हिशेबाच्या कामाला मी ते करणार नाही.

दोघांनी एकच भाव उघडून दुरुस्त केला आणि एकाचं पुसलं गेलं, तर यातलं काहीच कामाचं नाही. तिथे व्हर्जन कॉलम हवा, म्हणजे दर बदलाला वाढणारा आकडा. मग आकडा जुळला नाही की दुसऱ्याला स्टेलडेटाएरर ही एरर येते. ती पकडून त्याला ताजा भाव दाखवा आणि पुन्हा विचारा.