पक्षातली तक्रार: शाखेत सांगावी, वर लिहावी की बाहेर न्यावी?

पक्षाचं काम करणाऱ्याला तक्रार करायची वेळ बहुधा दोन कारणांनी येते. एक तर त्याला डावललं जातं, नाहीतर प्रश्न पैशाचा किंवा वागणुकीचा असतो. दोन्ही प्रकरणं एकाच वाटेने नेली की त्रास तक्रार करणाऱ्यालाच होतो.

बॅनरवरून नाव गाळलं, बैठकीचा निरोप आला नाही, बूथच्या याद्या दुसऱ्याला दिल्या, असल्या गोष्टींसाठी तोंडी वाट उत्तम. शाखाप्रमुख, उपविभागप्रमुख, विभागप्रमुख असोत की मंडल अध्यक्ष, ब्लॉक अध्यक्ष, पदांची नावं पक्षागणिक बदलतात, पण समोरासमोर बसून बोललं की अशा कुरबुरी मिटतात आणि कुणाचा मानही दुखावत नाही. मात्र ज्याच्याविषयी तक्रार आहे तोच शाखेत खुर्चीवर बसत असेल, तर हीच वाट अंगलट येते. संध्याकाळपर्यंत सगळं त्याच्या कानावर जातं आणि तुमच्या हातात चिठ्ठीसुद्धा नसते.

अशा वेळी लेखी तक्रारच करावी. वेळ जास्त लागतो, संबंध थोडे ताणले जातात, तरीही माझा कौल लेखीलाच. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 29अ नुसार नोंदणीसाठी प्रत्येक पक्षाला आपली घटना निवडणूक आयोगाला द्यावी लागते. मान्यताप्राप्त पक्षांच्या घटना आयोगाच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतात. त्यातलं शिस्तीचं प्रकरण आधी वाचा: तक्रार कुणाकडे करायची, कारवाई करायचा अधिकार कुणाला, अपील कुठे. आयोगाच्या दप्तरी कोणती प्रत आहे याला किती वजन असतं, हे शिवसेनेच्या वादात सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. जानेवारी 2024 मध्ये विधानसभा अध्यक्षांनी निकाल देताना 2018 ची नव्हे, 1999 ची घटना ग्राह्य धरली.

मुंबईकरांनी पत्ताही नीट पाहावा. काँग्रेसमध्ये मुंबईची प्रादेशिक समिती प्रदेश काँग्रेसपासून वेगळी आहे. भाजपचाही मुंबई अध्यक्ष वेगळा असतो. मुंबईतलं प्रकरण थेट प्रदेशाकडे पाठवलं, तर 'आधी मुंबईकडे जा' एवढंच उत्तर मिळण्याची शक्यता जास्त.

पत्रात काय लिहावं? 'माझ्यावर सतत अन्याय होतो' या वाक्याने कुणी हलत नाही. 'अमुक तारखेच्या वॉर्ड बैठकीत माझ्याकडच्या बूथच्या याद्या काढून घेतल्या, त्या वेळी हे दोघे हजर होते, कारण विचारल्यावर हे उत्तर मिळालं' असं लिहिलं की समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं. एका पत्रात एकच विषय घ्या, जुनी उणीदुणी काढू नका. शेवटी काय हवं ते स्पष्ट मागा: चौकशी, खुलासा की जबाबदारी परत. दोन प्रती घेऊन जा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घेऊन पोच मिळवा. 'ठेवून जा, साहेबांना देतो' म्हणाले तर वाद घालू नका, त्याच दिवशी स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

तिसरी वाट पत्रकारांची आणि व्हॉट्सॲप ग्रुपची. तिथे गाजावाजा लगेच होतो. पण जाहीर बोलणं बहुतेक पक्षांत शिस्तभंग धरलं जातं. मग मूळ तक्रार बाजूला राहते आणि नोटीस तुम्हालाच येते. सहा वर्षांसाठी हकालपट्टीच्या बातम्या आपण वाचतोच. लेखी वाट संपण्याआधी इकडे वळू नये.

तक्रार छळाची किंवा पैशाची असेल, तर मात्र हे सगळं बाजूला ठेवा. पक्ष आणि त्याचे सदस्य यांच्यात मालक-नोकर नातं नाही, म्हणून कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या कायद्यानुसार अंतर्गत समिती नेमणं पक्षांना बंधनकारक नाही, असं केरळ उच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटलं. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. घरदार सांभाळून प्रचारात राबणाऱ्या बाईला आपल्याच पक्षात दाद मागायची हक्काची जागा नसावी, याची मला चीड येते. पक्षाने स्वतःहून समिती नेमली असेल तर तिथे जरूर जा, पण तिच्या निकालाची वाट पाहत पोलिस तक्रार थांबवू नका. गुन्हा कोणत्याही पोलिस ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. कुणी तिकिटाच्या आमिषाने पैसे घेतले असतील तर तेही शाखेत मिटवण्याचं प्रकरण नाही, सरळ पोलिसांत जा.

निवडणूक आयोगाकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नका. 2002 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पक्षाची नोंदणी रद्द करण्याचा अधिकार आयोगाला काही अपवाद सोडले तर नाही. एकट्या कार्यकर्त्याच्या गाऱ्हाण्यावर आयोग पक्षाला धारेवर धरील, असं नाही.

न्यायालयाचं दार उरतं ते मुख्यतः हकालपट्टीसाठी. बेळगावच्या एका लॉजच्या (फ्रीमेसन या बंधुसंघटनेच्या शाखेच्या) खटल्यात 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की सभासदाला काढताना संस्थेने स्वतःचे नियम पाळायला हवेत आणि त्याची बाजू ऐकायला हवी. नोटीस न देता काढलं असेल तर दिवाणी वकिलाला भेटा, आणि जाताना पक्षाची घटना व पोच मिळालेली पत्रं बरोबर घ्या.